परीक्षणाला आलेली कादंबरी

मराठवाड्यात राहून वर्तमानपत्रासाठी नव्या कादंबऱ्यांची परीक्षणं लिहायची, तर एक अडचण पहिल्याच दिवसापासून सोबत असते. इथल्या कादंबऱ्यांचे विषय आपण आधीच बातम्यांमधून लिहिलेले असतात. नापिकी, पीककर्ज, ऊसतोड, धरणाखाली गेलेली गावं, संस्थेतल्या नोकरीसाठी विकलेलं शेत. आकडे पाठ असतात, माणसं ओळखीची असतात, राग ताजा असतो. त्यामुळे पुस्तक उघडण्याआधीच निम्मं मत तयार होतं, आणि रविवारच्या पुरवणीत परीक्षणाच्या नावाखाली छापून येतो तो त्या विषयावरचा आटोपशीर अग्रलेख. कादंबरी कशी आहे ते वाचकाला कळतच नाही. चांगली असेल तर लेखकावर अन्याय, वाईट असेल तर वाचकावर.

या एका धोक्यापासून लांब राहण्यासाठी माझी कामाची पद्धत बसत गेली. ती सविस्तर लिहिते, कारण आमच्या भागात परीक्षणं लिहायला सुरुवात करणारे बरेच तरुण पत्रकार हेच विचारतात की नेमकं करायचं काय.

पुस्तक हातात आलं की वाचण्याआधी प्रत तपासायची. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापली आणि बांधली जातात. बांधणीत एखादा फॉर्म गळतो, दोनदा पडतो किंवा उलटा लागतो. पानांचे आकडे अंगठ्याखालून एकदा पूर्ण फिरवले की हे लगेच दिसतं. न तपासता वाचलं, तर एकशे अठ्ठावीसनंतर थेट एकशे पंचेचाळीस येतं आणि कथानकातली उडी लेखकाचा प्रयोग वाटू शकते. आजच्या कादंबऱ्यांत काळाच्या उड्या इतक्या असतात की हा गैरसमज सहज होतो. प्रत सदोष निघाली तर प्रकाशकाकडून दुसरी मागवायची. ती मिळेपर्यंत ओळसुद्धा लिहायची नाही.

मग श्रेयपान. प्रथमावृत्तीची तारीख पाहायची, कारण पुष्कळदा जुनीच कादंबरी नव्या मुखपृष्ठासह नव्या प्रकाशकाकडून आलेली असते. आधी दिवाळी अंकात काही भाग आला होता का, याची नोंद बहुधा इथे किंवा मनोगतात सापडते. ही नोंद महत्त्वाची आहे. दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या पन्नास-साठ पानांची पुढे अडीचशे पानं केलेली असतील, तर कुठेतरी ताण दिसतोच: एखादं उपकथानक नंतर चिकटवलेलं, एखादं पात्र मधूनच आलेलं. ठाऊक असलं की शोधायला सोपं जातं. अर्थात काही लेखक हा विस्तार इतका जिवंत करतात की सांधा सापडत नाही, आणि तेही परीक्षणात नोंदवण्यासारखं असतं.

मलपृष्ठावरची पाठराखण आणि आतली प्रस्तावना मी शेवटी वाचते. आपल्याकडे प्रस्तावनेत कथानक सांगून टाकायची सवय आहे, आणि मोठ्या नावाने लिहिलेली प्रस्तावना आपल्या मताला आधीच वळण लावते. प्रकाशन समारंभाला जायचं असेल तर वाचन संपल्यानंतर जावं, शक्यतो परीक्षण लिहून झाल्यानंतर.

पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय. नोंद नाही, खूण नाही. डेमी आकाराच्या पानावर साधारण अडीचशे ते तीनशे शब्द बसतात. असं पान नीट वाचायचं तर तासाला तीस-पस्तीस पानांच्या पुढे जाऊ नये. म्हणजे तीनशे पानांच्या कादंबरीला नऊ-दहा तास लागतात. हे तास एका आठवड्याच्या आत बसवायचे. दहा-पंधरा दिवस लांबलं की पात्रांचे धागे सुटतात आणि ‘कादंबरी विस्कळीत आहे’ असं वाटायला लागतं, जेव्हा विस्कळीत असतं ते आपलं वाचन. बातम्यांच्या धावपळीत मिळालेल्या पाच-दहा मिनिटांत वाचायला बसणं टाळावं. एक प्रकरण संपेल एवढा वेळ हाताशी नसेल तर पुस्तक उघडूच नये.

पहिलं वाचन संपलं की त्याच दिवशी, पुस्तक बंद ठेवून, एक पानभर लिहायचं. काय आठवतंय एवढंच. कुठला प्रसंग डोळ्यांसमोर आहे, कुणाचं बोलणं कानात आहे, कुठे कंटाळा आला, कुठे घाईने पानं उलटली. हा कागद पुढे फार कामाला येतो. दुसऱ्या वाचनानंतर आपण हुशार होतो, कारणं सापडतात, सिद्धांत आठवतात. पण वाचक म्हणून आपल्याला खरंच काय झालं होतं, त्याचा पुरावा या एका पानावरच असतो. दोन्हींत फरक पडला तर मी या कागदाचं ऐकते आणि फरक का पडला ते शोधते.

दुसरं वाचन पेन्सिल घेऊन. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पानांचे आकडे आणि तीन-चार शब्दांची खूण, शेजारी वही. वहीत प्रत्येक प्रकरणासाठी एकच ओळ, आणि ती ओळ ‘काय घडतं’ याची नसून ‘काय बदलतं’ याची. प्रकरणाच्या सुरुवातीला पात्र जिथे होतं तिथून ते कुठे सरकलं? नातं, माहिती, निर्णय, सांगणाऱ्याचा सूर, यांतलं काहीतरी बदललं का? सलग चार-पाच प्रकरणांपुढे ही ओळ कोरी राहिली, तर कादंबरी कुठे ढिली पडली ते नेमकं सापडतं. मग ‘मध्यंतरी गती मंदावते’ असं मोघम वाक्य लिहावं लागत नाही. ‘नवव्या प्रकरणापासून तेराव्यापर्यंत नायकाच्या समजुतीत काही भर पडत नाही, एकाच अपमानाची चार रूपं येतात’ असं लिहिता येतं. लेखकालाही त्याचा उपयोग होतो.

ही कोरी जागा बहुतेक वेळा दोन-तृतीयांशाच्या आसपास सापडते. पहिल्या कादंबरीत तर हमखास. साठवलेलं बालपण आणि गाव पहिल्या शंभर-दीडशे पानांत सांगून झालेलं असतं, शेवट ठरलेला असतो, आणि मधल्या पट्ट्यात घटना भरल्या जातात. बाजार समितीतली अडत, पंचायत समितीची निवडणूक, मोर्चा, एखादं आंतरजातीय प्रेम, सगळं येतं, आणि प्रत्येकाला बारा-पंधरा पानं मिळतात. ही वर्तमानपत्राची मांडणी झाली. कादंबरीत यांतली एकच गोष्ट सत्तर पानं चालली असती तर काय झालं असतं, असं मी वहीत लिहून ठेवते, कारण दोष सांगताना तो कशाचा अभाव आहे हे कळायला लागतं.

यानंतरचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि नव्या परीक्षकांकडून सगळ्यांत जास्त सुटणारा: हे सांगतंय कोण, आणि त्याला हे कसं माहीत? नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडून कादंबरी चालली असेल, तर कापसाच्या आयात-निर्यात धोरणावरचं भाष्य त्याच्या तोंडी कसं येतं? मोठं झाल्यावर तो मागे वळून सांगत असेल तर मोठेपणीचा तो कुठे बसून, कोणाला सांगतोय? लेखकाने हे ठरवलेलं नसेल तर दर दहा-वीस पानांनी आवाज फाटतो. पेन्सिलीने समासात फक्त ‘कोण?’ असं लिहीत जायचं. तीनशे पानांत दोन-तीन ‘कोण?’ आले तर चालतं. वीस-पंचवीस आले तर कादंबरीचा कणाच बसलेला नाही.

१९७१ साली आलेली रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ इथे अजूनही कामाला येते. एका शिंप्याच्या बायकोने, तिच्या बोलीत सांगितलेली ती छोटी कादंबरी आहे. गावात मोठी उलथापालथ होते, पण ती आपल्याला या बाईला दिसेल आणि कळेल तेवढीच कळते. लेखकाला त्याहून जास्त माहीत असणार, पण तो ते तिच्या तोंडी घालत नाही. ही शिस्त काय करते हे ज्याने एकदा अनुभवलं, त्याला आजच्या कादंबरीत लेखक पात्राच्या खांद्यावरून कुठे बोलायला लागला ते चटकन ऐकू येतं. तुलना करायची ती अशी, एका विशिष्ट गोष्टीपुरती. १९६३ च्या ‘कोसला’शी प्रत्येक नव्या कादंबरीची तुलना करण्यात काही हाशील नाही. आत्मकथनाच्या सुरात लिहिलेली प्रत्येक कादंबरी ‘कोसला’च्या वळणाची नसते, आणि असली तरी तेवढं सांगून नव्या पुस्तकाविषयी काहीच कळत नाही.

आधीचं काय लिहून झालंय हे मात्र माहीत असलंच पाहिजे. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचं ‘धार आणि काठ’ हे मराठी कादंबरीवरचं समीक्षेचं पुस्तक वाचलेलं असावं. मतं पटोत न पटोत, एखाद्या कादंबरीशी मतभेद कसा मांडायचा ते त्यात दिसतं. आपल्या भागातल्या ग्रंथालयांत ‘प्रतिष्ठान’ आणि ‘अस्मितादर्श’ या वाङ्मयीन नियतकालिकांचे जुने अंक असतील तर ते चाळत राहावं. दलित साहित्याविषयी बोलताना परीक्षक जे शोध लावल्यासारखं लिहितो, ते ‘अस्मितादर्श’च्या पानांवर अनेकांनी फार आधी, फार नेमकेपणाने मांडून ठेवलेलं असतं.

बोलीकडे येते. मराठवाड्याची बोली एक नाही. गंगथडीची, म्हणजे गोदाकाठची वेगळी, बालाघाटाच्या डोंगररांगेवरची वेगळी. लातूर-उदगीरकडे कन्नडचा शेजार, देगलूर-बिलोलीकडे तेलुगूचा, आणि निजामी राजवटीमुळे उर्दूचा वावर सगळीकडे. त्यामुळे ‘मराठवाडी बोलीचा प्रभावी वापर’ या वाक्यातून वाचकाला काही मिळत नाही. बघायचं ते हे: निवेदनही बोलीत आहे की फक्त संवाद? निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीत असतील तर निवेदक गावापासून किती लांब गेलाय, आणि त्या अंतराची कादंबरीला जाणीव आहे का? बायांची बोली आणि पुरुषांची बोली वेगळी ऐकू येते का? शिकून आलेला पोरगा घरी एक बोलतो आणि कचेरीत एक, हे पकडलंय का? एक सोपी चाचणी आहे. दोन पानांच्या संवादातली नावं अंगठ्याने झाकायची आणि वाचायचं. कोण बोलतंय ते कळलं तर लेखकाचा कान चांगला. सगळे एकाच आवाजात बोलत असतील तर बोली केवळ सजावटीसाठी आली आहे.

एकच पात्र बाराव्या पानावर ‘म्हून’ म्हणतं आणि एकशे चाळिसाव्यावर ‘म्हणून’, तेव्हा लगेच लेखकावर तुटून पडू नये. पुष्कळदा हा मुद्रितशोधनाचा प्रताप असतो. सवयीने कुणीतरी अधेमधे शुद्ध केलेलं असतं. निदान तीन-चार ठिकाणं ताडून, त्यात काही धोरण दिसतं का ते पाहून मग बोलावं. नुसत्या छपाईच्या चुका परीक्षणात मोजत बसण्याची गरज नाही. अर्थच बदलत असेल, किंवा दर दोन पानांनी ठेच लागत असेल, तर एका वाक्यात सांगावं.

आता तपशिलांची पडताळणी. इथे पत्रकार असण्याचा खरा फायदा आहे, आणि धोकाही. फायदा असा की खोटं लगेच कळतं. १९७२ च्या दुष्काळात घडणाऱ्या कादंबरीत कुणी ‘लातूर जिल्ह्यातून’ आलं तर खटकतं, कारण लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. त्याआधी तो उस्मानाबादचा भाग होता. जालना १९८१ चा, हिंगोली १९९९ चा. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. १९८५ साली प्रवेश घेणाऱ्या पात्राच्या गुणपत्रिकेवर नवं नाव असणार नाही. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ १९९४ च्याच सप्टेंबरात सुरू झालं, म्हणजे १९९० ला नांदेडात पदवी घेणाऱ्याची पदवी मराठवाडा विद्यापीठाची. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरचा. तो दिवाळीत घडवता येत नाही. निजामी काळातल्या व्यवहारात हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन यायला हवं, आणि तहसिलीतला कागद उर्दूत असायला हवा. बहात्तरच्या दुष्काळी कामांवरच्या माणसांच्या बोलण्यात फोडलेली खडी, खायला मिळालेली सुकडी आणि मिलो ही परदेशी ज्वारी नसेल, तर लेखकाने त्या पिढीशी पुरेसं बोलून घेतलेलं नाही असं समजावं.

शेतीचंही तसंच. सोयाबीन मृगाच्या पावसावर पेरतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास काढतात. तूर त्याच्याच सोबत पेरली तरी हाती येते डिसेंबर-जानेवारीत. हुरडा थंडीतला, रब्बी ज्वारीचा. चैत्रात सोयाबीनची गंजी लावणारा शेतकरी कादंबरीत भेटला, तर लेखकाचं गाव सोडून किती वर्षं झाली असतील याचा अंदाज येतो. ऊसतोडीवरच्या कादंबरीत तर कामाच्या पद्धतीवरच माणसांचे संबंध उभे असतात. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते ती कोयत्यामागे, आणि म्हणून टोळी जमवणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात एकट्या बाईला पूर्ण कोयत्याची जागा नसते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, कोण विकतं, त्याचे पैसे कोणाच्या हातात येतात, बैलगाडीने ऊस वाहणारी गाडी सेंटरवरची टोळी आणि ट्रॅक्टरवरची टोळी यांचा दिवस कसा वेगळा असतो, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, स्वयंपाक किती वाजता होतो, हे लेखकाला माहीत असेल तर त्यातूनच नवरा-बायकोतला एखादा प्रसंग उभा राहतो. माहीत नसेल तर शोषणावर भाषण येतं.

पण कुठलीही चूक सापडली की ती आधी दोन चाळण्यांतून घालायची. पहिली: ही चूक लेखकाची की सांगणाऱ्या पात्राची? म्हाताऱ्याच्या आठवणीत वर्षांची सरमिसळ होणं स्वाभाविक आहे, आणि लेखकाने ती जाणूनबुजून ठेवली असेल. दुसरी: या चुकीने कादंबरीचं काही बिघडतं का? जिल्ह्याचं नाव चुकलं तर फार काही होत नाही. उचलीचा हिशेब चुकला आणि त्याच हिशेबावर नायिकेचा निर्णय उभा असेल, तर मात्र कादंबरीचा पायाच हलतो. जिल्ह्याच्या नावासारख्या किरकोळ चुका लेखकाला किंवा प्रकाशकाला खासगीत कळवाव्यात, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतात. परीक्षणात जागा द्यायची ती पाया हलवणाऱ्या चुकांना. तपशील बरोबर आहेत म्हणून कादंबरी चांगली होत नाही, हेही तितकंच खरं. अचूक माहितीने ठासून भरलेली निर्जीव कादंबरी मला दर वर्षी भेटते.

ज्या विषयावर वर्तमानपत्रांत पुष्कळ येऊन गेलंय, त्यावरच्या कादंबरीला मी एक प्रश्न मुद्दाम विचारते: बातमीत जे येऊ शकत नव्हतं ते इथे काय आलं? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये भरपूर छापून आलं, शासनाने समितीही नेमली. त्यावर कादंबरी लिहिणाऱ्याने तेच आकडे, त्याच मुलाखती पात्रांच्या तोंडी घातल्या, तर वाचकाने कादंबरी का वाचावी? पण शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनी त्या बाईचं आपल्या शरीराशी, सुनेशी, देवाशी नातं काय झालं, हे बातमीदार विचारत नाही. विचारलं तरी छापायला जागा नसते. तिथे कादंबरीचं काम सुरू होतं. शेतकरी आत्महत्येवरच्या कादंबऱ्यांतही हेच. शेवटच्या प्रकरणात कीटकनाशकाचा डबा येणार हे दहाव्या पानावर कळलं, तर मधल्या सगळ्या प्रसंगांना त्या शेवटाकडे जाण्यापलीकडे काही काम उरत नाही. तोच मृत्यू पहिल्या प्रकरणात घडवून पुढे घराचं काय झालं ते सांगणारी कादंबरी वेगळी ताकद घेऊन येते. अशा वेळी परीक्षणात रचनेचं हे श्रेय ठळकपणे द्यायला हवं, आणि तेच बहुतेक वेळा राहून जातं.

लिहायला बसताना संपादकाला आधी विचारून घ्यायचं की परिचय हवा आहे की परीक्षण, आणि शब्द किती. पुरवणीत साधारण सातशे-आठशे शब्द मिळतात. त्याचा हिशेब मी आधी मांडते. पुस्तकाचा परिचय आणि कथानक मिळून दोनशेच्या आत. सांगणारा, रचना, भाषा यांतलं जे या कादंबरीत सगळ्यांत बोलण्यासारखं असेल त्यावर तीनशे ते साडेतीनशे. तिन्हींवर थोडं थोडं लिहिलं की एकही पटत नाही. दोन उतारे, प्रत्येकी तीस-चाळीस शब्दांचे. उरलेल्यात दोष आणि एकूण मत. कथानक पहिल्या तृतीयांशाच्या पुढे सांगायचं नाही. दोष शेवटातच असेल तर शेवट न फोडता तो सांगता येतो: ‘शेवटच्या तीस पानांत नायिकेचे निर्णय तिचे न वाटता लेखकाचे वाटतात’ एवढं पुरतं. पात्रांची नावं चारपेक्षा जास्त नकोत. पाचव्या नावाला वाचक गोंधळतो.

उतारा निवडताना सगळ्यांत सुंदर वाक्य उचलायचा मोह होतो. त्याऐवजी कादंबरीचा रोजचा आवाज दाखवणारा उतारा घ्यावा, कारण वाचकाला तीनशे पानं त्याच आवाजासोबत काढायची आहेत. दोष दाखवायचा तर त्यालाही उतारा हवाच. उताऱ्याशिवायचा दोष हा नुसता शेरा होतो. परीक्षणासाठी थोडका मजकूर उद्धृत करायला १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ ची मुभा आहे, पण पानंच्या पानं उतरवून काढणं त्यात बसत नाही. उतारा लिहून झाल्यावर पुस्तकाशी अक्षरन् अक्षर ताडायचा. आणि डेस्कला मजकूर पाठवताना वर स्पष्ट लिहायचं: ‘अवतरणातली बोली मूळ पुस्तकाप्रमाणे आहे, दुरुस्त करू नये.’ हे न लिहिल्यास ‘नगं’चं ‘नको’ होऊन छापून येतं, आणि त्यावर आपण खाली केलेलं बोलीचं कौतुक अगदी निराधार दिसतं. युनिकोडमधला मजकूर पानाच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ‘शेतकऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला ‘ऱ्य’ आणि ‘ॲ’ हमखास तुटतात. पान सुटण्याआधी तेवढे शब्द डोळ्यांखालून घालायला सांगावं.

काही शब्द मी लिहितच नाही. दाहक वास्तव, विदारक चित्रण, मन सुन्न करणारी, एका बैठकीत संपवावी अशी, वाचनीय आणि संग्राह्य. हे शब्द कुठल्याही कादंबरीला लागू पडतात, म्हणून कुठल्याच कादंबरीविषयी काही सांगत नाहीत. मथळा डेस्क देतं, तरी आपण दोन मथळे सोबत पाठवावेत. नाहीतर ऊसतोडीवरची कादंबरी असो की वसतिगृहावरची, ‘दाहक’ वरून हजर होतो.

ओळखीच्या लेखकाचं काय करायचं, हा प्रश्न आमच्याकडे टळत नाही. आठ जिल्ह्यांत लिहिणारी माणसं एकमेकांना ओळखतात, एकाच संमेलनात भेटतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. सगळ्या ओळखीच्यांना नकार द्यायचा तर परीक्षणंच थांबतील. मी रेषा अशी आखते: हस्तलिखित वाचून ज्याला सूचना केल्या, ज्याच्या पुस्तकावर समारंभात बोलले, ज्याच्याशी पैशाचा किंवा नोकरीचा संबंध आहे, त्याचं परीक्षण दुसऱ्याकडे द्यावं. बाकीच्यांचं करावं, पण छापून येईपर्यंत पुस्तकावर फोनवर बोलू नये. लेखकाचा फोन येतोच. ‘वाचलं का?’ याला ‘वाचतेय’ एवढं उत्तर पुरतं. मसुदा लेखकाला आधी दाखवणं मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही.

खऱ्या माणसांवर बेतलेल्या कादंबऱ्यांत आणखी जपावं लागतं. गावातल्या एखाद्या साखरसम्राटाचं किंवा संस्थाचालकाचं नाव बदलून पात्र केलेलं असतं, आणि सगळ्या तालुक्याला ते ओळखू येतं. परीक्षणात ‘हे अमुक यांचंच चित्र आहे’ असं लिहिलं, की कादंबरीने टाळलेला बदनामीचा प्रश्न आपण अंगावर घेतो. शिवाय लातूर-परभणीबाहेरच्या वाचकाला तो संदर्भ लागू नाही. त्याच्यासाठी ते पात्र कागदावर उभं राहतं का, एवढंच विचारायचं. ओळख पटल्याची गंमत बाजूला काढल्यावर कित्येक पात्रं पोकळ निघतात. आणि एखादं असं निघतं की मूळ माणूस विसरायला होतो.

लिहिलेलं एक रात्र ठेवून सकाळी वाचताना मी एक खूण करते. ज्या वाक्यांत कादंबरीचं नाव काढून टाकलं तरी वाक्य विषयाबद्दल खरंच राहतं, ती अधोरेखित करते. ‘शेतमालाला भाव नसल्याने शेतकरी कर्जाच्या गर्तेत सापडतो’ हे वाक्य खरं आहे, पण ते कादंबरीबद्दल नाही. अशी वाक्यं निम्म्याहून जास्त निघाली तर परीक्षण पुन्हा लिहायचं. दोन-तीनच निघाली तर काढून टाकायची. तेवढ्या शब्दांत एक उतारा जास्त बसतो.

शेवटी पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशन, पृष्ठसंख्या, मूल्य ही ओळ पुस्तक समोर ठेवूनच भरायची, आठवणीने नाही. तालुक्याच्या गावातली ब आणि क वर्गाची ग्रंथालयं कात्रण काढून त्या ओळीवरूनच मागणी नोंदवतात. प्रकाशनाचं नाव चुकलं तर पुस्तक त्यांच्यापर्यंत पोचत नाही. छापून आलं की पानाची प्रत प्रकाशकाला पाठवते, आणि वहीतली प्रकरणवार नोंद आणि पहिल्या दिवशी लिहिलेलं ते पान पुस्तकातच ठेवते. त्या लेखकाची पुढची कादंबरी येते तेव्हा आधी हे दोन्ही काढून वाचते.